उच्च प्राथमिक वर्गासाठी कादंबरीची निवड : ताथवडे परिसराच्या संदर्भात

शालेय स्तरावरील मराठीच्या अध्यापनात कादंबरी हा वाङ्मयप्रकार बहुधा उताऱ्याच्या रूपानेच अवतरतो. कादंबरीतील एखादा प्रसंग निवडला जातो, त्याचा 'पाठ' होतो, पाठाखाली शब्दार्थ आणि स्वाध्याय येतात व पुढील आठवड्यात वर्ग दुसऱ्या लेखकाकडे वळतो. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने महाराष्ट्रातील मुलांना मराठी साहित्याची ओळख ज्या विस्तृत प्रमाणावर करून दिली, तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गद्याचे अनेक नमुने एकाच पुस्तकात द्यावयाचे असल्यास उताऱ्याला पर्यायही नसतो. तथापि उताऱ्यातून कादंबरीतील प्रसंग मिळतो, कादंबरीतील काळ मिळत नाही. तिसऱ्या प्रकरणात हसत आलेली व्यक्ती अकराव्या प्रकरणात गप्प का आहे, हे आठवून पाहण्याची, म्हणजे वाचनाबरोबर स्मरण वाहून नेण्याची जी क्रिया कादंबरीवाचनाचा गाभा आहे, ती उताऱ्यात संभवतच नाही. त्यामुळे पाचवी ते आठवी या चार वर्षांत एखादी तरी कादंबरी अथपासून इतिपर्यंत वर्गात वाचली जावी काय, आणि वाचावयाची तर ती कोणती, हा प्रश्न केवळ अवांतर वाचनाचा उरत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, त्याच्या बाबतीत वर्गातील ही एक कादंबरी हाच त्या वाङ्मयप्रकाराशी येणारा पहिला आणि कदाचित एकमेव संबंध असतो.

हा प्रश्न सर्वसामान्य पातळीवर चर्चिला की त्याची उत्तरेही सर्वसामान्यच मिळतात : पुस्तक संस्कारक्षम असावे, भाषा सोपी असावी, विषय मुलांच्या अनुभवविश्वातील असावा. या तीनही कसोट्या एखाद्या विशिष्ट वर्गासमोर ठेवून पाहिल्या तरच त्यांचा कस लागतो. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला असलेले ताथवडे त्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. मुळशी तालुक्यातील हे गाव २००९ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. एका बाजूस मुंबई-बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता, पलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान, मधल्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या बहुमजली वसाहती व अभियांत्रिकी महाविद्यालये, आणि त्यांच्या सान्निध्यात अद्याप टिकून असलेले जुने गावठाण व पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र अशी या गावाची आजची ठेवण आहे. अशा परिसरातील मराठी माध्यमाच्या वर्गात गावठाणातील मुलांच्या शेजारी मराठवाड्यातून वा सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांतील मुले बसतात. बांधकामावर काम करणाऱ्या, घरी हिंदी, कन्नड किंवा गोरमाटी बोलणाऱ्या कुटुंबांतीलही बसतात. जवळच्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी ही द्वितीय वा तृतीय भाषा असते आणि २०२० च्या सक्तीच्या मराठी अध्यापनाच्या अधिनियमानंतर ती तेथे वगळता येत नाही. 'मुलांचे अनुभवविश्व' असा एकवचनी शब्दप्रयोग या वर्गांपुढे टिकत नाही.

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालसाहित्याविषयी मांडलेली एक कल्पना आता सर्वत्र परिचित आहे. काही पुस्तके मुलाला आरशासारखी असतात, काही खिडकीसारखी, आणि प्रत्येक मुलाला दोन्ही मिळाली पाहिजेत, असा तिचा आशय. ती कल्पना प्राधान्याने पुस्तकसंग्रहाच्या निवडीस उपकारक आहे. वर्गात एकच कादंबरी चाळीस मुलांना वाचून दाखवावयाची असते तेव्हा तेच पुस्तक एका बाकावर आरसा आणि दुसऱ्या बाकावर खिडकी ठरते. तेव्हा पुस्तकात मूल स्वतःला पाहते काय, याच्याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हे पुस्तक वाचताना वर्गात जाणते कोण ठरते? कोणाला अर्थ विचारला जातो, आणि कोणाला सांगितला जातो? ताथवड्यासारख्या ठिकाणी निवडीची हीच कसोटी सर्वांत निर्णायक वाटते.

प्रथम विचार अपरिहार्यपणे 'श्यामची आई'चा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली व १९३५ साली प्रसिद्ध झालेली ही कृती मराठी शाळेत जितकी पोहोचली तितकी अन्य कोणतीही दीर्घ गद्यकृती पोहोचली नसावी. तिच्या या स्थानामागे संस्काराची कल्पना आहे हे खरेच. परंतु आणखी दोन कारणे आहेत, ज्यांची चर्चा क्वचित होते. पहिले रचनेचे. बेचाळीस रात्रींची ही योजना तासिकेच्या वेळापत्रकाशी विलक्षण जुळते : एक रात्र, एक तास. प्रत्येक रात्र स्वयंपूर्ण, तरीही आईच्या मृत्यूकडे जाणारा एक संथ प्रवाह सर्वांना जोडणारा. दीर्घ कथन ऐकण्याची सवय नसलेल्या पाचवी-सहावीच्या वर्गाला कादंबरीकडे नेणारी याहून सोयीस्कर पायवाट दाखविणे कठीण आहे. दुसरे कारण निव्वळ व्यावहारिक. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे संपून २०११ च्या आरंभापासून त्यांचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. स्वस्त आवृत्त्या त्यानंतर विपुल निघाल्या. ज्या शाळेला एका पुस्तकाच्या वीस प्रती हव्या असतात, तिच्या दृष्टीने ही बाब वाङ्मयीन मूल्याइतकीच वजनदार असते. मात्र स्वस्त आवृत्त्यांबरोबर संक्षिप्त आवृत्त्याही आल्या. त्या घेताना सावध राहिले पाहिजे, कारण संक्षेप करणारा प्रायः वर्णने गाळतो आणि उपदेश ठेवतो. मूळ लेखकाने या दोहोंचा जो तोल साधला होता तो त्यामुळे नेमका बिघडतो.

वर्गातील वाचनात 'श्यामची आई'च्या सर्व रात्री सारख्या ठरत नाहीत. 'श्यामचे पोहणे' या प्रकरणातील भिणारा, लपणारा आणि आईच्या हातचा मार खाऊन विहिरीकडे जाणारा मुलगा आजही तात्काळ ओळखीचा होतो. 'पर्णकुटी'तील मोठ्या घरातून लहानशा घरात राहावयास जाण्याचा प्रसंग, भाड्याच्या खोल्या बदलत वाढणाऱ्या मुलांपुढे वेगळ्याच अर्थाने उभा राहू शकतो. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणाची गोष्ट मात्र निराळी. दलित म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवण्याच्या त्या प्रसंगात करुणा आणि शिवाशिवीचे बंधन ही दोन्ही एकाच अंगणात नांदताना दिसतात. साने गुरुजींच्या पुढील आयुष्यातील १९४७ चे पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठीचे उपोषण ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचे बीजरूप महत्त्व कळते. परंतु सहावीच्या वर्गात म्हातारीच्या बाजूने ऐकणारे मूलही बसलेले असते, आणि म्हातारीला या कथनात स्वतःचा असा आवाज फारसा नाही. शिक्षकाने हा प्रसंग 'आई किती थोर' एवढ्यावर संपविला, तर त्या मुलाला दयेचा विषय म्हणून वर्गात बसावे लागते. तो गाळणे हा उपाय नव्हे. म्हातारी घरी जाऊन काय सांगेल, हा प्रश्न विचारण्याची तयारी नसेल तर ही रात्र निवडू नये, इतके म्हणता येते.

या कादंबरीतील कोकणातील ब्राह्मण कुटुंबाचे शब्द, व्रते, पत्रावळी आणि पूजाविधी यांचा अर्थ ताथवड्याच्या वर्गात जवळजवळ सर्वांनाच सांगावा लागतो. सांगणारा शिक्षक असतो. म्हणजे वर ज्या कसोटीचा उल्लेख केला, तिच्या दृष्टीने येथे जाणता एकच, आणि बाकीचे ऐकणारे.

नेमके याच्या उलट चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) वाचनात शक्य होते. धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत नेमलेला तरुण मास्तर, त्याच्याकडे प्रथम संशयाने पाहणारी वाडी, हळूहळू जुळत गेलेले संबंध, सर्वांनी मिळून बांधलेली तालीम, आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडलेले गाव ही कथा सातवी-आठवीच्या आकलनापलीकडची नाही. तिचा आकारही आटोपशीर आहे. शाळेविषयीची ही कादंबरी शाळेत वाचली जात नाही, तिची जागा महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ठरून गेली आहे, याचे नवल वाटते. ती कठीण आहे असे जे म्हटले जाते ते तिच्या भाषेमुळे. परंतु कठीण कोणाला? मेंढ्यांची, घोंगड्यांची, पावसाच्या खुणांची, जनावरांच्या रंगांची आणि खोडींची जी शब्दसंपत्ती प्रमाण मराठीत वाढलेल्या शिक्षकालाही कोशात पाहावी लागते, ती माण-आटपाडीकडून किंवा बीड-उस्मानाबादकडून (आताचे धाराशिव) आलेल्या मुलाने आजोबांच्या तोंडून ऐकलेली असण्याचा संभव असतो. शुद्धलेखनात सतत लाल शाई पाहणारे आणि 'गावठी बोलतो' म्हणून मागे सारले जाणारे मूल या कादंबरीच्या निमित्ताने वर्गाला अर्थ सांगणारे होऊ शकते. गावठाणातील ज्या घरी अजून गोठा आहे, तेथील मुलाच्या बाबतीतही हे लागू आहे. भाषा सोपी असावी या कसोटीचा पुनर्विचार येथे करावा लागतो. सर्वांना सारखीच सोपी असणारी भाषा ही पुष्कळदा कोणाचीच नसलेली भाषा असते.

'बनगरवाडी'तील एक प्रसंग या वयाच्या वाचकांसाठी विशेष मोलाचा आहे. एकच बैल असलेल्या शेकूच्या औताला दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. माडगूळकर येथे हळहळ व्यक्त करीत नाहीत. पाहिलेले सांगतात व थांबतात. लेखकाने न बोललेले ओळखणे ही कादंबरीवाचनातील पहिली मोठी पायरी होय, आणि उपदेशप्रधान बालसाहित्यावर वाढलेल्या मुलांना ती चढण्याची संधी फारशी मिळत नाही. कादंबरीतील खून-दरोड्याचे सूचन, अंजीच्या चोळीवरून मास्तरांभोवती उठणारा प्रवाद यांविषयी पालकांची हरकत येण्याची भीती शिक्षकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवाद म्हणजे काय, तो कसा उठतो, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पुस्तकाबाहेर पुरेसे ठाऊक असते. राहिला शेवट. वाडी ओस पडते आणि माणसे जगण्यासाठी बाहेर पडतात. ताथवड्यातील अनेक मुलांच्या कुटुंबाची कथा नेमकी तेथून सुरू झालेली आहे. गाव सोडलेली माणसे पुढे कोठे गेली असतील, हा प्रश्न या वर्गात कल्पनाविलासाचा राहत नाही.

स्थलांतराचा दुसरा प्रकार म्हणजे गाव न सोडता गावच नाहीसे होणे. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभलेल्या कादंबरीत धरणामुळे उठणाऱ्या गावातील बालपण आले आहे. १९२१ ते १९२४ या काळात धरणाविरुद्धचा सत्याग्रह ज्या तालुक्यात झाला, त्याच मुळशीतील ताथवडे हे गाव पाण्याखाली गेले नाही. ते इमारतींखाली गेले. पहिल्यात जमीन घेतली गेली, दुसऱ्यात बव्हंशी विकली गेली, हा भेद लहान नाही, आणि गावठाणातील मुले तो घरातील बोलण्यातून जाणतात. म्हणूनच ही कादंबरी सहावी-सातवीत त्यांच्यासाठी राखून ठेवण्याजोगी आहे. बाहेरून आलेल्या मुलांनाही आपल्या शेजाऱ्याचे काही हरवलेले आहे याची जाणीव तिच्यातून होईल. भाषेचा बाज हळुवार, निसर्गाचे तपशील भरपूर. मोठ्याने वाचताना मात्र गती सांभाळावी लागते.

गतीचा प्रश्न निघाला म्हणजे भा. रा. भागवतांचे स्मरण होते. 'फास्टर फेणे'च्या पुस्तकांकडे शाळा पाहते ती 'हलकेफुलके' म्हणून, आणि म्हणून वर्गाबाहेर ठेवते. हा दुजाभाव निराधार आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला बनेश फेणे हा शहराच्या कडेच्या गावातील मुलगा आहे. शहराचे रस्ते त्याने सायकलवरून आपलेसे केले आहेत. वाक्ये आखूड, संवाद भरपूर, प्रकरणाचा शेवट पुढचे पान उलटावयास लावणारा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला शंभर पाने स्वतःच्या बळावर संपविल्याचा अनुभव जे पुस्तक देते, त्याचे अध्यापनशास्त्रीय मूल्य कमी लेखता येत नाही. अशा पुस्तकाचे 'अध्यापन' मात्र करू नये. ते पेटीत ठेवावे व घरी जाऊ द्यावे.

इंग्रजी माध्यमातील वर्गाची गरज थोडी वेगळी आहे. तेथील मुलाला मराठी ऐकून समजते, परंतु मराठी पान पाहताच ते थबकते. त्याच्यासाठी लहान प्रकरणांचे, रोजच्या बोलण्याजवळचे गद्य हवे. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (बालसाहित्य पुरस्कार, २०२२) रोजनिशीच्या रूपामुळे येथे उपयोगी पडते. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेले 'तोत्तोचान' हे तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तक काटेकोर अर्थाने कादंबरी नव्हे, आठवणी आहेत; पण आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या तोक्योच्या त्या शाळेची, आणि १९४५ च्या बाँबवर्षावात तिच्या झालेल्या अंताची कथा अखंड कथनासारखीच वाचली जाते. अनुवादित कृतींना या स्तरावर दुय्यम मानण्याची प्रथा आहे. परक्या प्रदेशाची कथा वर्गातील सर्वांना सारखीच परकी असल्याने तेथे कोणी आधीच पुढे वा मागे नसतो, हा तिचा लाभ दुर्लक्षित राहतो. राम पटवर्धनांचे 'पाडस' हा या प्रकारातील सर्वांत समृद्ध अनुवाद, मात्र त्याचा विस्तार पाहता तो वर्गात पूर्ण होणे अवघड. आठवीतील दोन-चार मुलांच्या हाती मुद्दाम द्यावा असा.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 'वनवास' (१९९४) व त्यापुढील पुस्तके रूपाने दीर्घकथांची असली, तरी एकाच मुलाच्या वाढण्याची ती सलग कहाणी आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आणि कन्नडचा स्पर्श झालेली त्याची बेळगावकडील मराठी ही दोन्ही, भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या मुलांना जवळची वाटतील. परंतु लंपनच्या निवेदनातील गंमत ही बरीचशी प्रौढ वाचकाने आपले बालपण आठवण्यात आहे. बारा वर्षांच्या वाचकाला तेथे घटना थोडी आणि मनातली हालचाल फार, असे वाटण्याचा संभव असतो. शिक्षकाला आवडलेले पुस्तक वर्गाला आवडेलच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) तिच्या नावामुळे वारंवार सुचविली जाते. नववीतील मुलांची ती कथा पौगंडावस्थेतील प्रेमामुळे नव्हे, तर आणीबाणीच्या पार्श्वभूमीवर उभ्या केलेल्या उपरोधामुळे आठवीनंतर वाचावी.

वेळ मिळत नाही, हा या सर्वांवरचा नेहमीचा आक्षेप. ढोबळ हिशेब असा : छापील पानावर अडीचशे शब्द धरले आणि मोठ्याने, समजेल अशा गतीने मिनिटाला शंभर शब्द वाचले, तर एका पानास अडीच मिनिटे लागतात. तासिकेतील पंचवीस मिनिटे वाचनास दिल्यास दहा पाने होतात. दीडशे पानांची कादंबरी पंधरा तासिकांत, म्हणजे आठवड्यास दोन तासिका दिल्या तर दोन महिन्यांत संपते. २०१० पासून राज्यात लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील आकारिक भागात तोंडी काम, उपक्रम व प्रकल्प यांना जागा आहेच. कादंबरीवर स्वतंत्र लेखी परीक्षा घेण्याचे कारण नाही, आणि घेऊही नये. प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, ही तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. तेव्हा अडचण नियमांची नाही. एका पुस्तकाच्या एक-दोनच प्रती घेऊन शंभर शीर्षके भरण्याची जी खरेदीची रीत आहे, ती सामूहिक वाचनाच्या आड येते. दहा शीर्षके आणि प्रत्येकाच्या दहा प्रती, ही रचना कपाटात दरिद्री दिसली तरी वर्गात श्रीमंत ठरेल.

एक उणीव मात्र निवडीने भरून निघत नाही. १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेला पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक विस्तार आता चाकणपर्यंत गेला. कामगारांच्या दोन-तीन पिढ्या येथे वाढल्या. पाळीवरून परतणारा बाप, ठेकेदारीवरील आई, कुलूपबंद खोलीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी या गोष्टी मराठी किशोर कादंबरीच्या केंद्रस्थानी क्वचितच आल्या आहेत. शाळा सुटू नये म्हणून बापाशी झगडणाऱ्या मुलाची आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) येथे सर्वांत जवळची ठरते, पण ती शेतीतली, आकाराने मोठी आणि प्रौढांसाठी लिहिलेली आहे. आठवीच्या वर्गात तिचे शाळेविषयीचे भाग सलग क्रमाने, दोन भागांमधील कथा शिक्षकाने तोंडी सांगून, वाचता येतात. तिच्यातही झगडणारा मुलगाच आहे. कुलूपबंद खोलीतील मुलीच्या हाती देण्याजोगी कादंबरी शोधू लागले म्हणजे 'पियूची वही'तील सुट्टी आणि श्यामच्या आईचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये बरीच मोठी मोकळी जागा दिसते.